घरात एकाला टीबी झाला की बाकीच्यांचं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा: मोठ्या दिरांना फुप्फुसाचा टीबी निघाला आहे, बेडक्याची तपासणी पॉझिटिव्ह आहे. ते टेम्पो चालवतात. दोन खोल्यांत आठ माणसं राहतात: दीर, जाऊबाई, त्यांची नऊ आणि बारा वर्षांची मुलं, प्रश्न विचारणाऱ्या ताई, त्यांचे पती, तीन वर्षांची मुलगी आणि मधुमेह असलेल्या सासूबाई. दिरांची ताट-वाटी आणि अंथरूण वेगळं केलं आहे, मुलांना त्यांच्याजवळ जाऊ देत नाहीत. आणखी काय करायचं, आणि या आजाराचा घरावर पुढे काय परिणाम होणार?

ताट-वाटी आजच परत एकत्र करा. टीबी उष्ट्यातून, भांड्यातून, कपड्यांतून किंवा एका मोरीत आंघोळ केल्याने पसरत नाही. तो हवेतून पसरतो. खोकताना, बोलताना उडालेले अतिसूक्ष्म कण बंद खोलीत तासन् तास तरंगतात आणि दुसऱ्याच्या श्वासातून आत जातात. भांडी उकळण्यात जाऊबाईंचा रोज अर्धा तास जात असेल तर तो वाया जातो आहे. त्यातून माणसाला मात्र आपण वाळीत पडलो असं वाटतं. तो कमी जेवतो, खोकला दाबतो, गोळ्या लपून घेतो आणि पुढे लपूनच बंद करतो.

दुसरी गोष्ट बहुतेक घरांना कोणी नीट सांगत नाही. आज तुम्ही जी अंतरं पाळता आहात, ती निदानाच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत पाळायला हवी होती. तेव्हा दीर खोकत होते, घरी खोकल्याच्या बाटल्या येत होत्या आणि सगळे एकाच खोलीत दारं-खिडक्या लावून झोपत होते. घरातल्यांना संसर्ग व्हायचा असेल तर तो बहुधा त्या काळात झालेला असतो. औषधं जंतूंना लागू पडत असतील आणि नियमित चालू असतील, तर साधारण दोन आठवड्यांत रुग्णाकडून पसरण्याचा धोका खूप कमी होतो. त्यामुळे घराने सगळी शक्ती पुढच्या संसर्गावर न लावता, होऊन गेलेल्या संसर्गाचा आजार होऊ न देण्यावर लावायची. आणि पैसा, जेवण, कामाची वाटणी यांची घडी विस्कटते, ती कशी धरून ठेवायची ते बघायचं.

पहिलं काम तीन वर्षांच्या मुलीचं. या आठवड्यातच तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा नगरपालिकेच्या दवाखान्यात न्या. निरोगी मोठ्या माणसाच्या शरीरात जंतू शिरले तरी आयुष्यभरात आजार होण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के असते. पाच वर्षांखालच्या मुलांत ती कित्येक पट जास्त, आणि आजार उमटतो तोही बहुतेक वेळा वर्षभराच्या आत. शिवाय लहान मुलांत टीबी मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. बीसीजी टोचलेली असेल तर अशा गंभीर प्रकारांपासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं, पण टोचली आहे म्हणून तपासणी टाळायची नाही. डॉक्टर विचारतील: दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप आहे का, वजन घटलं आहे किंवा वाढायचं थांबलं आहे का, मानेत गाठी आहेत का, खेळायचं सोडून मूल एका जागी बसून असतं का. अंगणवाडीचं वजनाचं कार्ड सोबत न्या. मागच्या तीन महिन्यांची वजनाची रेघ डॉक्टरांना आईच्या सांगण्याइतकीच उपयोगी पडते. यातलं काही आढळलं तर पुढच्या तपासण्या करायच्या. काहीच नसेल तर या वयात संसर्गाच्या चाचणीची वाट न पाहता प्रतिबंधक उपचार सुरू करतात.

हाच उपचार आता सगळ्या घराला मिळतो. पूर्वी सरकारी कार्यक्रमात तो घरातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपुरता होता. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर फुप्फुसाचा टीबी तपासणीत सिद्ध झालेल्या रुग्णाच्या घरातले सगळे त्यात आले. मोठ्यांची आधी लक्षणं विचारतात, छातीचा एक्स-रे काढतात आणि सोय असेल तिथे संसर्गाची त्वचेवरची किंवा रक्ताची चाचणी करतात. ती चाचणी उपलब्ध नाही एवढ्या कारणाने उपचार नाकारायचा नसतो. एक्स-रे मात्र सोडू नका. आत खरा टीबी चालू असताना प्रतिबंधाची एक-दोन औषधं दिली तर आजार दबत नाही, उलट जंतू त्या औषधांना सरावतात.

प्रतिबंधाच्या दोन पद्धती जास्त वापरात आहेत. एकीत आयसोनियाझिड रोज, सहा महिने. दुसरीत आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, असे बारा डोस. मात्रा वजनावर ठरते. दोन वर्षांखालच्या बाळांना आणि गरोदर बाईला बारा डोसांची पद्धत देत नाहीत. आठवड्याचा डोस चुकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे वार ठरवलेला नसतो. बाजाराचा वार किंवा एखाद्याच्या उपवासाचा वार धरला की लक्षात राहतं. चुकला आणि दोन दिवसांत आठवला तर लगेच घ्या, वार तोच ठेवा. दोन दिवसांहून उशीर झाला तर आठवेल त्या दिवशी घ्या आणि पुढे तोच वार धरा. दोन डोसांत चार दिवसांपेक्षा कमी अंतर ठेवायचं नाही. बारा डोस जास्तीत जास्त सोळा आठवड्यांत पूर्ण झाले पाहिजेत.

रिफापेंटिनने लघवी नारिंगी होते, घाबरू नका. डोसानंतर काही तासांनी कणकण, अंगदुखी, चक्कर असं काहींना होतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरतं. भूक मरणं, सतत मळमळ, उलट्या, डोळे पिवळे दिसणं, लघवी गडद तपकिरी होणं ही यकृताची लक्षणं आहेत. ती दिसली की पुढचा डोस न घेता दवाखाना गाठा. तुमचे पती रोज दारू घेत असतील तर ते डॉक्टरांपासून लपवू नका, कारण हा धोका त्यांना जास्त. सासूबाईंच्या साखरेच्या गोळ्यांची यादी दाखवा, मात्रा बदलावी लागू शकते. तुम्ही किंवा जाऊबाई पाळणा लांबवण्याच्या गोळ्या घेत असाल तर रिफापेंटिन चालू असताना त्या भरवशाच्या राहत नाहीत. तांबी किंवा निरोध वापरा. हे बहुतेक ठिकाणी न विचारता सांगितलं जात नाही.

‘धडधाकट माणसाला टीबीच्या गोळ्या कशाला?’ हा आक्षेप घरातूनच येतो, बहुधा कमावत्या पुरुषाकडून. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा त्याला एक्स-रेपर्यंत न्या. फिल्म समोर लावून डॉक्टरांनी दोन मिनिटं समजावलं की पुष्कळ लोक तयार होतात.

त्याआधी एक कागद मागून घ्या: दिरांच्या बेडक्याचा ट्रूनॅट किंवा सीबीनॅट अहवाल, ज्यात रिफॅम्पिसिन औषध लागू पडतं की नाही ते लिहिलेलं असतं. वर सांगितलेलं सगळं साध्या टीबीसाठी आहे. दिरांना औषधांना न जुमानणारा टीबी असेल तर घरच्यांचा प्रतिबंधक उपचार वेगळा असतो आणि तो कोणता द्यायचा हे जिल्हा पातळीवरचे डॉक्टर ठरवतात. दिरांचा स्वतःचा उपचारही वेगळा. चौदा वर्षांवरच्या, गरोदर नसलेल्या, निकषांत बसणाऱ्या रुग्णांना सहा महिन्यांचा नवा उपचार देता येतो, त्याला भारतात २०२४ मध्ये मान्यता मिळाली. तो चालत नसेल तर नऊ-अकरा महिने किंवा अठरा-वीस महिने. घराचा हिशेब सहा महिन्यांचा करायचा की दीड वर्षाचा, हे या एका कागदावर ठरतं.

‘घरातले’ म्हणजे फक्त रेशनकार्डावरचे नव्हेत. उपचार सुरू होण्याआधीच्या तीन महिन्यांत ज्यांनी रुग्णासोबत बंद जागेत रात्र काढली किंवा वारंवार बराच वेळ काढला, ते सगळे यात येतात. टेम्पोच्या केबिनमधला क्लीनर, सुट्टीत राहून गेलेला भाचा, रोज दुपारी येऊन बसणारा शेजारी. क्लीनरचं नाव आरोग्य सेविकेला द्यायला लोक कचरतात, कारण बातमी अड्ड्यावर जाईल. पण काच लावलेली केबिन ही घरातल्या खोलीपेक्षा लहान असते.

हवेबद्दल. पहिले दोन-तीन आठवडे दिरांनी खिडकीजवळ झोपावं, आणि पंख्याचा वारा त्यांच्याकडून खिडकीबाहेर जाईल असा ठेवावा. वारा त्यांच्यावरून मुलांकडे येत असेल तर पंखा उलट काम करतो. मुलांना आणि सासूबाईंना दुसऱ्या खोलीत झोपवा. पावसाळ्यात खिडक्या बंद होतात, तेव्हा वरचा झरोका किंवा दाराची वरची फट तरी उघडी राहू द्या. साधा सर्जिकल मास्क रुग्णाने घालायचा असतो, पण आपल्याकडे पुष्कळ घरांत रुग्ण उघडा आणि बाकी सगळे मास्क लावून बसलेले असतात. बेडका झाकणाच्या डब्यात थुंकावा, संडासात ओतावा, डबा उकळत्या पाण्याने धुवावा. मुलांनी काकांजवळ बसायला हरकत नाही. पहिले काही दिवस अंगणात, ओट्यावर, उघड्यावर बसू द्या. शाळेत जाणाऱ्या मुलांना लक्षणं नसतील तर त्यांची शाळा बुडवू नका. संसर्ग आत असलेलं पण आजारी नसलेलं मूल कोणाला काही देत नाही, आणि काका आजारी आहेत हे शाळेत सांगायची तुमच्यावर सक्ती नाही.

आता जेवण. यावर जास्त लिहितो, कारण घराच्या हातात सगळ्यात जास्त हेच असतं.

टीबी आणि कुपोषण एकमेकांना खेचत नेतात. उपाशी शरीरात टीबी लवकर जागा होतो आणि जागा झालेला टीबी शरीर आणखी सुकवतो. झारखंडमध्ये रेशन्स नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं त्यात होती. रुग्णाला सगळीकडेच शिधा दिला. निम्म्याच्या आसपास घरांत घरच्यांनाही दिला: मोठ्या माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्याने टीबी होणाऱ्यांचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघालं. तपासणीत जंतू सापडलेल्या फुप्फुसाच्या टीबीपुरतं पाहिलं तर ४८ टक्क्यांनी. यात महागडं टॉनिक काही नव्हतं, डाळ-तांदूळ होता. रुग्णांच्या बाबतीत असं दिसलं की पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांचा मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी होता.

हे आपल्या घरात उतरवा. दिरांची उंची १६० सेंटिमीटर असेल तर त्यांचं वजन किमान ४७ किलोच्या पुढे हवं. ४२ किलो असेल तर दोन महिन्यांत किमान दोन-सव्वादोन किलो वाढलं पाहिजे. दर पंधरा दिवसांनी एकाच काट्यावर वजन करा आणि भिंतीवर लिहा. उपचाराच्या दुसऱ्या महिन्यातही वजन हलत नसेल तर ‘औषधं गरम पडतात’ म्हणून सोडून देऊ नका. गोळ्या खरंच पोटात जातात का, साखर वाढली आहे का, औषध जंतूंना लागू पडतं का, हे डॉक्टरांनी पाहायला हवं. वजनाचं आणखी एक कारण आहे: रोजच्या गोळ्यांची संख्या त्यावर ठरते. ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ किलोला चार. वजन वाढून पुढच्या गटात गेलं तर केंद्रात लक्षात आणून द्या, कारण दर वेळी काटा तपासला जातोच असं नाही.

पथ्याच्या नावाखाली या आजारात फार नुकसान होतं. दही, केळं, भात थंड म्हणून बंद; अंडी, शेंगदाणे, गूळ उष्ण म्हणून बंद. दोन्ही याद्या पाळल्या की माणसाच्या ताटात भाकरी आणि पातळ आमटी उरते. टीबीत यातलं काहीही वर्ज्य नाही. मधुमेह असेल तर गूळ-साखरेपुरती मर्यादा. रोज दोन अंडी, दोन वाट्या घट्ट वरण, मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे, आणि जमेल तसं दूध किंवा दही, एवढं नेहमीच्या जेवणावर चढवलं तरी फरक दिसतो. भूक नसेल तर दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान. श्रावणात घरात अंडी-मांस बंद झालं तर डाळ आणि शेंगदाणे वाढवा. एकादशी, चतुर्थी, गुरुवार असे उपवास रुग्णाने उपचार संपेपर्यंत सोडावेत. रुग्ण बाई असेल तर हे सासूबाईंच्या तोंडून यावं लागतं, डॉक्टरांच्या सांगण्याने होत नाही.

आणि एक नाजूक गोष्ट. एकट्या दिरांना अंडी आणि मुलांना कोरडी भाकरी असं एका घरात आठवडाभरही चालत नाही. आई निमूटपणे आपल्या वाटचं मुलांना देते किंवा रुग्णच मुलाला भरवतो. मग कागदावरचा खुराक चार तोंडांत वाटला जातो. म्हणून घरभराच्या शिध्याचा विचार करा आणि जाऊबाईंचंही वजन मोजा. सगळ्यात शेवटी जेवणारी, रात्री उठणारी आणि अंगावर दुखणं काढणारी तीच. घरात दुसरा रुग्ण निघालाच तर तो पुष्कळदा तिच्यात किंवा लहान मुलात निघतो.

शिध्यासाठी दोन वाटा आहेत. टीबी रुग्णाच्या खुराकासाठी सरकारकडून खात्यात पैसे देणारी निक्षय पोषण योजना २०१८ मध्ये महिना ५०० रुपयांनी सुरू झाली, १ नोव्हेंबर २०२४ पासून ती १,००० रुपये आहे. सहा महिन्यांच्या उपचारात ती दोन हप्त्यांत येते: निदानाची नोंद झाल्यावर ३,००० आणि ८४ दिवसांचा उपचार झाल्यावर ३,०००. उपचार लांबला तर पुढेही मिळते. खासगी डॉक्टरांकडे उपचार चालू असले तरी हक्क तोच, कारण प्रत्येक रुग्णाची सरकारकडे नोंद करणं २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. पैसे अडकतात ते बहुतेक बँकेपाशी. खातं वापराविना बंद पडलेलं असतं, आधार जोडलेलं नसतं, किंवा आधारवर एक नाव आणि पासबुकावर दुसरं असतं. पहिल्याच आठवड्यात पासबुक आणि आधार घेऊन टीबी सुपरवायझरना भेटा आणि निक्षय आयडी, म्हणजे निक्षय या सरकारी नोंदणीतला रुग्णाचा क्रमांक, लिहून घ्या. रुग्णाचं खातं नसेल तर जवळच्या नातेवाइकाच्या खात्याबद्दल तिथेच विचारा. दुसरी वाट निक्षय मित्र: २०२२ पासून संस्था, कंपन्या किंवा व्यक्ती रुग्ण दत्तक घेऊन दर महिन्याला शिधा देतात, आणि २०२४ च्या अखेरीपासून त्यात घरच्यांनाही धरलं आहे. आपोआप मिळेलच असं नाही. रुग्णाची संमती नोंदलेली लागते, म्हणून मागा. टोल फ्री क्रमांक १८००-११-६६६६.

औषधं फुकट आहेत, मग घर कर्जात का जातं? कारण खर्च औषधांच्या आधी होतो आणि मजुरी औषधांसोबत बुडते. टीबीमुळे घराच्या वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून जास्त गेलं तर त्याला जागतिक आरोग्य संघटना घर कोलमडवणारा खर्च मानते. नमुन्यादाखल हिशेब करा: महिना १५,००० कमाई म्हणजे वर्षाला १,८०,०००, त्याचे २० टक्के ३६,०००. टेम्पो दोन महिने उभा राहिला की ३०,००० गेलेच. निदानाआधीचे डॉक्टर, एक्स-रे, खोकल्याच्या बाटल्या आणि येण्याजाण्याचं भाडं धरलं की रेघ ओलांडली. टेम्पोचा हप्ता अजून यात नाही. म्हणून पहिल्या महिन्यातच हप्ता देणाऱ्या संस्थेशी बोला, थकल्यावर नको. बदली चालकावर टेम्पो चालू ठेवणं, बचत गटातून कमी व्याजाने घेणं हे सावकाराकडे जाण्याआधी करून बघा. सोनं मोडायचंच असेल तर निदान जाऊबाईंना विचारून मोडा.

रुग्णाला कर्मचारी राज्य विमा लागू असेल तर लांबल्या आजारांच्या यादीत टीबी आहे आणि अटी पूर्ण होत असतील तर पगाराच्या ८० टक्के भत्ता बराच काळ मिळू शकतो. कंपनीतल्या सुपरवायझरलाही हे पुष्कळदा माहीत नसतं. भविष्यनिर्वाह निधीतून आजारपणासाठी रक्कम काढता येते. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेत चरितार्थ चालवू न शकणाऱ्या टीबी रुग्णाचा स्पष्ट उल्लेख आहे, महिना १,५०० रुपये. अर्ज तहसील कार्यालयात. पण वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० रुपयांची आहे आणि मंजुरीला वेळ लागतो. साध्या टीबीत मंजुरी येईपर्यंत उपचार संपलेले असतात. लांब उपचाराच्या घराने, किंवा ज्या घरात कमावतं माणूसच उरलं नाही त्याने मात्र जरूर करावा.

कामावर परत जाण्याबाबत घरं दोन्ही टोकांना जातात. एक तर दुसऱ्या आठवड्यात गाडीवर बसवतात, नाही तर सहा महिने खाटेवरून उतरू देत नाहीत. ताप गेला, वजन वाढू लागलं, दम लागत नाही आणि डॉक्टरांनी बेडक्याची पुढची तपासणी पाहून हो म्हटलं की हलकं काम सुरू करता येतं. पुष्कळांना हे दोन महिन्यांच्या आसपास जमतं. माल चढवणं-उतरवणं मात्र नंतर. चक्कर येत असेल किंवा नजर अंधूक वाटत असेल तर स्टिअरिंगवर बसू नये. एथॅम्ब्युटॉल या औषधाने क्वचित नजरेवर परिणाम होतो, लाल-हिरवा रंग ओळखताना गोंधळ होतो. चालकाच्या बाबतीत घरच्यांनी हे मुद्दाम विचारत राहावं.

कामाचा भार कोणावर पडतो तेही बघा. पुरुष आजारी पडला की बाई बाहेर कामाला जाते आणि घरचं काम मोठ्या मुलीच्या अंगावर येतं. बारा-चौदा वर्षांच्या मुलीची शाळा ‘थोडे दिवस’ म्हणून सुटते ती कायमची. घरात आठ माणसं आहेत, तर पाणी, स्वयंपाक, रुग्णाला दवाखान्यात नेणं ही कामं नावानिशी वाटून घ्या. तुमच्या पतींनाही त्यात धरा. बाई आजारी पडली तर उलट घडतं: तिला माहेरी धाडतात. माहेरी जाणं वाईट नाही, पण केंद्राला न सांगता गेली की औषधं तुटतात. निक्षय आयडीवर रुग्णाची बदली दुसऱ्या गावाच्या केंद्रात करता येते. निघण्याआधी ती करून घ्यायची आणि हातात काही दिवसांच्या गोळ्या घ्यायच्या. हेच ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून कोयता निघतो तो वसंतातच परततो, म्हणजे सहा महिन्यांचा उपचार अख्खा फडावर जातो. मुकादमाला न सांगताही बदली होते. कारखान्याचं गाव आणि तालुका एवढं सांगता आलं पाहिजे. बाईला टीबी झाला म्हणून सोडचिठ्ठी देण्याची भाषा होते, तेव्हा हेही माहीत असू द्या की हिंदू विवाह कायद्यात टीबी हे घटस्फोटाचं कारण नाही. तान्हं बाळ असेल तर आईचं दूध तोडायचं नाही. आईने मास्क लावून पाजावं, बाळाची तपासणी आणि प्रतिबंधक औषध डॉक्टर ठरवतात.

दोन-अडीच महिन्यांनी सगळ्यात जास्त गोळ्या सुटतात. खोकला थांबलेला असतो, अंग धरलेलं असतं, घरचेही म्हणतात ‘आता बरा आहे की’. पण पहिल्या दोन महिन्यांत भराभर वाढणारे जंतू मरतात. सुस्त पडून राहिलेल्यांना मारायला पुढचे चार महिने लागतात. मध्येच सोडलं की तेच परत उठतात, कधी औषधाला न जुमानणारे होऊन. गोळी समोर बसून द्यायची जबाबदारी घरातल्या एकाच माणसाकडे द्या. आठवण सगळ्यांनी करायची ठरली की कोणीच करत नाही. शक्यतो बायकोकडे देऊ नका, कारण गोळीवरचं भांडण मग जेवणावर आणि झोपेवर जातं. धाकटा भाऊ किंवा आशाताई बऱ्या. दिरांची चिडचिड, गप्प बसणं, रात्र-रात्र जागणं हे आजाराने, काळजीने आणि काही औषधांनीही होतं. विशेषतः न जुमानणाऱ्या टीबीच्या काही औषधांनी मन फार खालावतं. ‘जगून काय उपयोग’ अशी भाषा आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येतं. दारू परत सुरू झाली तर गोळ्या बंद करून शिक्षा करू नका. गोळ्या चालूच ठेवा आणि डॉक्टरांना खरं सांगा.

शेजारी-पाजारी काय सांगायचं हा तुमचा निर्णय. गृहभेटीला येणाऱ्या आशाताईंना किंवा सुपरवायझरना सांगता येतं की दारात नाव घेऊन विचारू नका, केंद्रातच भेटू. ते ऐकतात.

उपचार संपल्यावर शेवटची तपासणी करून निक्षयवर निकाल नोंदवून घ्या. त्यानंतर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी दिरांची तपासणी होते. पुन्हा टीबी झालाच तर बहुधा या दोन वर्षांत होतो. तुमच्या मुलीचं आणि दोन्ही पुतण्यांचं वजन त्याच तारखांना करा, आणि कोणालाही दोन आठवडे खोकला किंवा ताप राहिला तर खोकल्याची बाटली न आणता थेट बेडका तपासायला द्या. फुप्फुसाचा काही भाग कायमचा आकसलेला असेल तर दिरांना जिना चढताना दम लागत राहील. तो टीबी नव्हे आणि आळसही नव्हे. त्यासाठी श्वासाचे व्यायाम असतात, आणि विडी सोडावीच लागते.